कापसाच्या तुऱ्याचे माकड आणि नान्नजचा माळ

माळरान (धागा सुरू करणारे)

नमस्कार. गेल्या रविवारी भाच्याला घेऊन आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात गेलो होतो. बार्शी रस्त्याला लागलो तेव्हा धड उजाडलेही नव्हते. मनोऱ्यावर दोन-अडीच तास बसलो. काळविटांचा कळप अगदी जवळून गेला, चंडोल सतत गात होते, एक लांडगा लांबच्या बांधावर थबकला आणि आमच्याकडे पाहून निघून गेला. माळढोक दिसला नाही. आता तिथे एखाददुसरा पक्षी दिसला तरी त्याची बातमी होते, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. परतताना मात्र भाच्याने विचारले, "मामा, गावातल्या लोकांनी त्याला का नाही सांभाळलं?" मी सगळा दोष शिकारीवर आणि नांगरावर टाकून मोकळा झालो, पण ते उत्तर माझे मलाच पटले नाही. दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतो आहे. उत्तर जरा लांबच्या वाटेने, कोलंबियातल्या एका माकडाच्या वाटेने देतो आहे, त्याबद्दल वाचकांनी थोडा धीर धरावा.

या माकडाला इंग्रजीत कॉटन-टॉप टॅमरिन म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव सॅग्विनस ईडिपस असे आहे. तिथले लोक त्याला तिती म्हणतात, तेच नाव मी पुढे वापरतो. कापसाच्या गिरण्यांवर वाढलेल्या आपल्या गावातल्या माणसाला तो कसा दिसतो हे सांगणे सोपे आहे. पाठ तपकिरी, पोट आणि हातपाय पांढरे, चेहरा काळसर, आणि कपाळापासून मानेमागे गेलेला, नुकत्याच पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र तुरा. चिडला किंवा घाबरला की तो तुरा ताठ उभा राहतो. वजन अर्धा किलोसुद्धा भरत नाही. शेपूट धडापेक्षा लांब असते, पण तिने त्याला फांदी धरता येत नाही, आणि पायाचा अंगठा सोडला तर बोटांना खारीसारख्या अणकुचीदार नख्या असतात. फळे, किडे आणि झाडाचा डिंक हे त्याचे खाणे. एवढासा जीव स्वतःच्या आकाराच्या मानाने बऱ्याच मोठ्या बिया गिळतो आणि त्या मूळ झाडापासून दूर नेऊन विष्ठेवाटे टाकतो, म्हणजे ज्या जंगलावर तो जगतो ते जंगल लावण्याचे कामही तोच करत असतो.

जगात तो फक्त कोलंबियाच्या वायव्य कोपऱ्यात, अत्रातो आणि माग्दालेना या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आढळतो. यातला बराचसा भाग कोरड्या जंगलाचा आहे, आपल्याकडच्या पानझडी रानासारखा, उन्हाळ्यात झाडांचे खराटे होणारा. कोलंबियातल्या अशा मूळ जंगलापैकी दहा टक्केसुद्धा आता उरलेले नाही. गुरांसाठी कुरणे, शेती, कुंपणाचे खांब, सरपण आणि कोळसा यांसाठी ते तुटत गेले. कोर्दोबा प्रांतातल्या उर्रा धरणाखाली सात हजार हेक्टरांहून अधिक जंगल बुडाले. उजनीचे पाणी ज्यांच्या शेतांवरून गेले त्यांना धरणाखाली काय काय जाते हे वेगळे सांगायला नको, पण माणसांचे पुनर्वसन निदान कागदावर तरी होते.

जंगल तुटत असतानाच तितीवर दुसरेही एक संकट आले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस वीस ते तीस हजार तिती पकडून वैद्यकीय संशोधनासाठी अमेरिकेत पाठवले गेले, कारण बंदिवासात त्यांना मोठ्या आतड्याचा दाह आणि कर्करोग आपोआप होतो असे दिसून आले होते. कोलंबियाने निर्यात थांबवली. आपल्या देशानेही लालतोंड्या माकडांची अशी निर्यात वर्षानुवर्षे केली होती आणि ती १९७८ मध्ये, मोरारजी देसाई यांचे सरकार असताना बंद केली, हे इथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. पाळीव म्हणून विकण्यासाठी पिल्ले पकडणे मात्र तिकडे बंदीनंतरही चोरून चालूच राहिले. पुढे झालेल्या गणनेत रानात सुमारे सात हजार चारशे तिती उरल्याचा अंदाज निघाला. २००८ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. आपला माळढोक २०११ मध्ये त्याच वर्गात गेला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. १९८० च्या दशकात अॅन सॅव्हेज या अमेरिकी संशोधिकेने सुरू केलेले 'प्रोयेक्तो तिती' हे काम आज कोलंबियातली माणसेच चालवतात. त्या लोकांनी माकडाचा अभ्यास करता करता गावाच्या चुलीचाही अभ्यास केला. त्या भागात 'बिंदे' नावाची एक जुनी चूल होती. वारूळ पोखरून केलेल्या त्या चुलीत आच कोंडून राहत असे. तिचीच मातीची आवृत्ती त्यांनी घरोघर पोहोचवली आणि सरपण सुमारे दोन-तृतीयांशाने कमी लागू लागले. लोस लीमितेस या गावातल्या बायकांनी रस्त्याकडेला साठणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून, त्या क्रोशाने विणून, त्यांच्याकडे परंपरेने वापरतात तशा 'मोचिला' म्हणजे खांद्याला लावायच्या झोळ्या बनवायला सुरुवात केली. त्या विकल्या जाऊ लागल्या. टाकाऊ प्लास्टिकपासून कुंपणाचे खांब केले गेले, म्हणजे तेवढ्यासाठी झाड पडायचे थांबले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, प्राण्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचे सरपण, मजुरी आणि जमीन यांचा हिशेब संरक्षणाच्या पहिल्या दिवसापासून मांडावा लागतो, आणि तोही प्राणी हजारांत शिल्लक असताना. तितीच्या बाबतीत तो वेळेत मांडला गेला. माळढोकाच्या बाबतीत आपण तो मांडलाच नाही.

---

काळी माती

माळरान, आपण मनापासून लिहिले आहे, त्यामुळे मीही मनातले लिहितो.

आमची शेती मोहोळ तालुक्यात आहे. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावेच्या गावे, उभी पिके, विहिरी, बाजारपेठा असे सगळे आले. माळढोक कधीच उतरला नसेल अशा बागायतीवरही तेच निर्बंध लागले. आमच्या घरात माळढोक हा शब्द पक्षी म्हणून आलाच नाही, तो कागदांतून आला. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांना दीड एकर विकायचे होते. ना हरकत दाखल्यासाठी त्यांनी एका कार्यालयात इतक्या चकरा मारल्या की शेवटी सावकाराकडून पैसे उचलून लग्न केले, आणि ते कर्ज फेडायला आम्हाला सात वर्षे लागली. मी शाळेत होतो. तेव्हा कुणी मला माळढोकाचे चित्र दाखवले असते तर मी ते फाडले असते.

अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणायला तीन दशके गेली. तोवर पक्षी जवळजवळ संपला होता आणि माणसांची मनेही विटली होती. तेव्हा माझा प्रश्न असा आहे की, कोलंबियातल्या त्या गावांत जमिनीचे काय केले? झोळ्या विणून पोट भरत असेल, पण जंगल जमिनीवर असते आणि जमीन कुणाची तरी असते.

---

माळरान

काळी माती, आपल्या वडिलांची हकीकत वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. भाच्याला जे उत्तर द्यायला हवे होते ते आपण दिलेत.

जमिनीबद्दल आपण विचारलेत ते योग्यच आहे, मी तो भाग लिहायला हवा होता. सान हुआन नेपोमुसेनो या गावाजवळ 'लोस कोलोरादोस' नावाचे सुमारे एक हजार हेक्टरांचे सरकारी अभयारण्य आहे. आपल्या मूळ आकड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा, कारण एक हजार हेक्टर म्हणजे अवघे दहा चौरस किलोमीटर. तेवढ्यात तितीचे भागणार नव्हते. म्हणून आजूबाजूची जमीन प्रकल्पाने रीतसर विकत घेऊन राखीव केली, आणि ज्यांना विकायची नव्हती त्या शेतकऱ्यांशी करार केले. शेताचा एक पट्टा झाडांसाठी सोडायचा, म्हणजे जंगलाचे दोन तुकडे जोडले जातील, आणि त्या बदल्यात शेतकऱ्याला रोपे, कुंपण आणि उरलेल्या शेतीसाठी मदत मिळेल, असे त्यांचे स्वरूप आहे. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. तितीला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाता आले पाहिजे, उघड्या कुरणातून तो फारसा जात नाही, त्यामुळे असा पट्टासुद्धा दोन टोळ्यांच्या सोयरिकीसाठी उपयोगी पडतो.

हे सगळे सुरळीत झाले असे मात्र मी म्हणणार नाही. त्या देशातल्या सशस्त्र संघर्षामुळे संशोधकांना अभ्यासाची जागासुद्धा बदलावी लागली होती. जंगल आजही तुटते आहे.

---

प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी

माळरान सर, तितीच्या कुटुंबाबद्दल थोडी भर घालते, कारण संरक्षणाच्या दृष्टीने मला तो भाग फार महत्त्वाचा वाटतो.

एका टोळीत साधारणपणे दोन ते तेरा तिती असतात, आणि त्यांपैकी सहसा एकाच मादीला पिल्ले होतात. तिच्या मुली वयात आल्या तरी, आईच्या टोळीत राहतात तोवर त्यांची प्रजननक्षमता दबलेली राहते. बहुतेक वेळा जुळी होतात, आणि दोन्ही पिल्लांचे वजन मिळून आईच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढे असते, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला जन्मतःच आठ-दहा किलोची जुळी व्हावीत तसे. ती एकटी त्यांना वाहूच शकत नाही. बाप आणि मोठी भावंडे आळीपाळीने पिल्ले पाठीवर घेतात, आणि आई बहुतेक वेळा फक्त पाजण्यापुरती घेते.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. प्राणिसंग्रहालयांतल्या नोंदींवरून असे दिसले की, ज्या तितींना लहानपणी धाकटी भावंडे पाठीवर घ्यायला मिळाली नाहीत, त्यांना स्वतःची पिल्ले झाल्यावर ती सांभाळता येत नाहीत आणि अशी पिल्ले मोठ्या प्रमाणात दगावतात. पालकपण ते शिकतात, अंगी घेऊन जन्मत नाहीत. त्यामुळे विक्रीसाठी टोळीतून एक पिल्लू उचलले की तिथल्या मोठ्या भावंडांची शिकवणीही बंद पडते.

त्यांची गणना कशी केली हेही सांगण्यासारखे आहे. तितीच्या अडतीस वेगवेगळ्या आवाजांची नोंद १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. दाट झाडीत हा प्राणी नजरेला पडत नाही, पण परक्या टोळीचा आवाज ऐकला की आपली हद्द राखायला पुढे येतो. म्हणून गणना करणाऱ्यांनी ध्वनिमुद्रित हाक वाजवत ठरावीक पट्ट्यांतून चालत जायचे आणि सामोऱ्या आलेल्या टोळ्या मोजायच्या, अशी पद्धत बसवली. अभ्यासातले तिती एकमेकांपासून ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पांढऱ्या केसांवर बाजारात मिळणाऱ्या साध्या केसांच्या कलपाने खुणा करतात. मला हे वाचून फार बरे वाटले, कारण आमच्या विभागात उपकरण नाही म्हणून काम अडले असे आम्ही नेहमी म्हणतो.

माळढोकाला यातले काही लागू पडत नाही. तो एका विणीच्या हंगामात सहसा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालतो. २०१९ पासून जैसलमेरला कृत्रिम उबवणीतून पिल्ले वाढवली जात आहेत, आणि त्या कामाकडे आपण सोलापूरकरांनी लक्ष ठेवायला हवे.

---

निवृत्त शिक्षिका

मी उत्तर सोलापूर तालुक्यात एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. माझ्या वर्गातल्या मुलांना जिराफ ओळखता येत असे, कांगारू येत असे, आणि शाळेपासून पाच-सहा किलोमीटरांवर वावरणाऱ्या माळढोकाचे चित्र दाखवले की ती शहामृग म्हणत. दोष मुलांचा नव्हता. आमच्या तक्त्यांवरच तो नव्हता.

कोलंबियातही असेच आढळले होते, हे मी मागे एका लेखात वाचले आहे. तिती फक्त आपल्याच देशात आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही, हे तिथल्या बहुतेक मुलांना ठाऊकच नव्हते. एकदा ते कळल्यावर त्यांच्या वागण्यात फरक पडला. त्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग गलोलीचा आहे. मुले गलोलीने पाखरे आणि माकडे टिपत असत. प्रकल्पाने त्यांना सांगितले की गलोल आणून द्या आणि बदल्यात कापडी तिती घेऊन जा. मुलांनी खरोखरच गलोली आणून दिल्या.

आमच्याकडे मी मुलांच्या दप्तरांतून बेचक्या काढून घेत असे आणि कपाटात ठेवत असे. निवृत्त झाले त्या दिवशी कपाट रिकामे करताना त्यांतल्या चौदा-पंधरा बेचक्या निघाल्या. बाभळीच्या दुबेळक्याच्या, सायकलच्या ट्यूबच्या, एकीच्या मुठीला तर लाल लोकर गुंडाळलेली होती. किती मन लावून केल्या होत्या. मी त्या हिसकावून घेतल्या आणि बदल्यात मुलांना काहीच दिले नाही, याची मला आता खंत वाटते.

---

काळी माती

बाई, तुमच्या कपाटात माझीही एक असू शकेल.

माळरान, करारांबद्दल सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर ठेवून एक पट्टा सोडायचा, ही गोष्ट मला समजते. आमच्या शेताच्या कडेला अर्ध्या एकराचा मुरमाड तुकडा वर्षानुवर्षे पड आहे, त्यात कुसळी गवताशिवाय काही येत नाही. १९७९ मध्ये कुणी येऊन सांगितले असते की हा तुकडा नांगरू नका, इथे पक्षी अंडी घालतो, आणि त्याबद्दल दरवर्षी चार पोती ज्वारी घेऊन जा, तर वडिलांनी राखणदारसुद्धा स्वतःच्या पदरचा ठेवला असता.

---

पूर्व भाग

मी विणकरांच्या घरातली आहे. आमच्याकडे चार यंत्रमाग होते, आता दोन उरले आहेत. शेजारच्या बायका विड्या वळतात, त्यामुळे नगावर मजुरी म्हणजे काय हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही कळते. त्या दृष्टीने झोळ्यांबद्दल दोन शब्द लिहिते.

अशा कामात खरी अडचण विणण्याची नसते, विक्रीची असते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाहेर तयार झालेला स्वस्त माल सोलापुरी म्हणून खपतोच आहे. तेव्हा लोस लीमितेसच्या बायकांचे काम टिकले ते मालाच्या मागे तितीची गोष्ट होती म्हणून, आणि ती गोष्ट घेऊन परदेशातली प्राणिसंग्रहालये त्यांच्या झोळ्या विकत घेतात म्हणून. घेणारा ठरलेला असला की बाईच्या हाती दर महिन्याला पैसे येतात. मग नवऱ्याने जंगलातून लाकडाची मोळी आणली नाही तरी घर चालते. हा दुवा जुळला नसता तर पाच-सहा महिन्यांत सुया बाजूला पडल्या असत्या. नान्नजसाठी असे काही करायचे झाल्यास आधी घेणारा शोधावा आणि मग सुई हातात घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही राहवले नाही म्हणून काल रात्री करून पाहिले. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण आमच्या घरी गादीखाली घड्या घालून ठेवलेल्या जुन्या पिशव्या ढीगभर निघाल्या. पिशवी सपाट पसरायची, बंद आणि बूड कापून टाकायचे, आणि उरलेली नळी बोटभर रुंदीने तिरकी कापत न्यायची, म्हणजे तुटक तुकडे न होता एकच लांब पट्टी निघते. दुधाच्या पिशवीची पट्टी ताठ पडते आणि सुईत अडकते, किराणा दुकानातली पातळ पिशवी चांगली वळते. पट्टी ओढून विणली तर ती ताणली जाऊन पांढरी पडते, म्हणून हात सैल ठेवावा लागतो, आणि मागावर वाढलेल्या आमच्या हातांना नेमके तेच जमत नाही. सासूबाईंनी दोनदा उसवायला लावले.

एका झोळीला शंभराच्या वर पिशव्या लागतात असे वाचले होते, ते मला फार वाटत होते. रात्री साडेअकरापर्यंत फक्त बूड झाले, माझ्या तळहाताएवढे, आणि तेवढ्यातच सव्वीस पिशव्या गेल्या.